सोनं, चांदी आणि पिंपरीचं पेनिसिलिन

पिंपरी-चिंचवडमधून वाहत येणारी पवना सांगवी-दापोडीच्या वेशीवर मुळेला मिळते. नदीच्या या शेवटच्या टप्प्याच्या आसपास भारतीय औषधांच्या इतिहासातली दोन ठिकाणं आहेत. सांगवी फाट्याजवळ औंधचं उरो रुग्णालय, क्षयाच्या रुग्णांसाठी ओळखलं गेलेलं; आज त्याच आवारात जिल्हा रुग्णालय आहे. तिथून काही किलोमीटर वरच्या अंगाला, मुंबई-पुणे रस्त्यालगत, पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना. देशातलं पहिलं सरकारी पेनिसिलिन इथे तयार झालं. त्याआधी शतकानुशतकं जंतूंशी लढण्यासाठी माणसाच्या हाती होते ते मुख्यतः धातू: पारा, सोमल, चांदी, सोनं. पेनिसिलिनने त्यांना औषधाच्या कपाटातून बाहेर काढलं. आज पेनिसिलिनची वंशावळ थकत चालली आहे आणि प्रयोगशाळा पुन्हा धातूंकडे वळल्या आहेत. या परतीचा मोठा गाजावाजा होतो, पण धातू पूर्वी मागे का पडले याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. तो मांडल्याशिवाय त्यांना परत बोलावण्यात फार मोठा धोका आहे.

सुरुवात पाऱ्यापासून करायला हवी. पोर्तुगीज आले आणि त्यांच्यासोबत एक नवा आजार आला, म्हणून सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने आपल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात त्याला फिरंग रोग असं नाव दिलं. आपल्याकडे पुढे त्याला गरमी म्हणू लागले. त्यावर भावमिश्राने सांगितलेला मुख्य उपाय होता रसकर्पूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार. युरोपातही त्याच काळात त्याच रोगावर पाराच वापरला जात होता. दोन वैद्यकपरंपरा एकाच धातूपाशी पोचल्या यात नवल नाही, कारण पारा जंतूला खरोखर मारतो. मात्र तो रुग्णालाही सोडत नाही. हिरड्या सुजतात, दात हलतात, लाळ गळते, मूत्रपिंडं निकामी होतात. रोगाने मेला की औषधाने, हे अनेकदा सांगता येत नसे. १९०९ साली पॉल एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी सोमलाची शेकडो संयुगं एकामागून एक तपासली आणि ६०६ क्रमांकाचं संयुग निवडलं. पुढच्याच वर्षी ते साल्वरसान या नावाने बाजारात आलं. सोमल काटेकोर अर्थाने धातू नाही, तो धातू आणि अधातूंच्या सीमेवरचा आहे. पण एर्लिख यांची कल्पना पुढच्या सगळ्या धातू-औषधांचा पाया ठरली. विषारी मूलद्रव्याभोवती योग्य रेणूची बांधणी केली तर त्याचा नेम जंतूवर धरता येतो, ही ती कल्पना. साल्वरसानने पाऱ्यापेक्षा नेम बरा धरला, तरी पुरेसा नाही.

सोन्याची गोष्ट याहून बोधक आहे, आणि क्षयाशी जोडलेली असल्याने औंधच्या उरो रुग्णालयाच्या इतिहासाला जवळचीही. १८९० साली बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत रॉबर्ट कॉख यांनी सांगितलं की सोन्याचं सायनाइड अतिशय विरळ द्रावणातही क्षयाच्या जंतूची वाढ रोखतं. ही वाढ थांबली होती काचेच्या नळीत; प्राण्यांच्या शरीरात तसं घडत नव्हतं. तरीही आशा सुटली नाही. १९२४च्या सुमारास कोपनहेगनच्या होल्गर मोलगार्ड यांनी सॅनोक्रायसिन नावाचं सोन्याचं संयुग पुढे आणलं आणि क्षयाच्या रुग्णालयांमधून सोन्याची इंजेक्शनं सुरू झाली. त्या काळी क्षयावर मोकळी हवा, विश्रांती आणि पौष्टिक अन्न याखेरीज फारसं काही नव्हतं, त्यामुळे ज्याच्या हाती सोनं आलं त्याने ते वापरलं. काही रुग्ण बरे झाले. क्षयाचे काही रुग्ण औषधाविनाही बरे होतात, पण श्रेय सोन्याला मिळालं. १९३१ साली अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या एका क्षयरुग्णालयातल्या जे. बर्न्स अँबर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने हा भ्रम मोडला. चोवीस रुग्ण घेतले, आजाराच्या अवस्थेनुसार त्यांचे सारखे दोन गट केले आणि कोणत्या गटाला सोनं द्यायचं हे नाणं उडवून ठरवलं. दुसऱ्या गटाला शुद्ध पाण्याची इंजेक्शनं दिली. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना सांगितलं नाही. सोन्याचा फायदा दिसला नाही. उलट सोनं घेणाऱ्यांना त्रास झाला. क्षयाचा इतिहास सांगताना या चोवीस रुग्णांना दोन ओळी मिळतात, पण मला त्यांचं मोल एखाद्या नव्या औषधाच्या शोधाइतकंच वाटतं. जंतू मारणं आणि रुग्ण बरा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी सिद्ध केलं.

एवढ्यावर सोन्याची गोष्ट संपली नाही. फ्रान्समधले जाक फोरस्तिए यांना सांधेदुखीचा संधिवात क्षयासारखाच जंतूंमुळे होत असावा असं वाटलं, म्हणून १९२९ पासून त्यांनी त्यावर सोन्याचे क्षार दिले. मूळ समजूत चूक निघाली, पण औषध लागू पडलं. १९८५ साली अमेरिकेत ऑरानोफिन नावाची सोन्याची गोळी संधिवातावर मंजूर झाली. जंतूंवर हरलेला धातू सांध्यांवर टिकून राहिला, आणि पुढे याच गोळीवाटे तो जंतूंकडे परतणार होता.

पेनिसिलिन या सगळ्यांपेक्षा वरचढ ठरलं ते त्याच्या नेमामुळे. जिवाणूच्या पेशीभोवती एक भिंत असते, माणसाच्या पेशीला ती नसते. पेनिसिलिन ती भिंत बांधण्याचं कामच बंद पाडतं, म्हणून जंतू फुटतो आणि रुग्ण शाबूत राहतो. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हे औषध भारताला बाहेरून आणावं लागत होतं. ज्या देशात न्यूमोनिया, प्रसूतीनंतरचा ताप आणि चिघळलेल्या जखमांनी माणसं मरत होती तिथे हे परावलंबन फार महागात पडणारं होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पेनिसिलिनचा कारखाना काढायचं ठरलं आणि जागा निवडली पिंपरीची. १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली, १९५५ साली उत्पादन सुरू झालं आणि १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचं उद्घाटन झालं. राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, म्हणजे भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतींआधीच पिंपरीत मोठाल्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवून औषध काढलं जात होतं. या पट्ट्याची ओळख आज मोटारी आणि सुटे भाग अशी आहे, पण इथली आधुनिक उद्योगाची सुरुवात बऱ्याच अंशी एका बुरशीने केली. एचए कॉलनी, एचए शाळा ही नावं आजही पिंपरीत रोजच्या बोलण्यात आहेत. साठच्या दशकात इथे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागलं. क्षयाच्या जंतूला रुग्णाच्या शरीरात गाठून मारणारं हे पहिलं खरं औषध. सोन्याला जे जमलं नव्हतं ते त्याने केलं.

पण पेनिसिलिनच्या पराभवाची बीजं त्याच्या जन्मातच होती. रुग्णालयांत त्याचा वापर सुरू होण्याआधीच, १९४० साली, ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांना पेनिसिलिन मोडून टाकणारं विकर जिवाणूत सापडलं होतं. १९४५ साली नोबेल स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीही इशारा दिला: अपुऱ्या मात्रेत औषध घेतलं तर जंतू त्याला सरावतील. पुढची कहाणी पाठशिवणीची आहे. एक औषध थकलं की दुसरं, ते थकलं की तिसरं. कार्बापेनेम हे त्यातलं शेवटचं मोठं शस्त्र मानलं जात होतं. २०१० साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जिवाणू तपासले आणि त्यातल्या २२ जणांकडे एनडीएम-१ नावाचं विकर निघालं. हे विकर औषधाचा रेणू कापून निकामी करतं आणि त्या कापाकापीसाठी त्याच्या गाभ्यात जस्ताचे दोन अणू असतात. दोन वर्षांनी त्याच रुग्णालयातल्या झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. स्ट्रेप्टोमायसिनची पिढी पाहिलेल्या डॉक्टरांना हे वाचताना काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही.

जगभरच्या प्रयोगशाळा धातूंकडे वळल्या त्या या पार्श्वभूमीवर. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात जगभरातून आलेली संयुगं फुकट तपासून देणारा एक उपक्रम चालतो. त्यांच्याकडे आलेली ९०६ धातूयुक्त संयुगं २०२० साली एकत्र मांडली गेली. त्यातली ८८ जंतूंवर किंवा बुरशीवर लागू पडली आणि माणसाच्या पेशींना अपाय न करणारी निघाली, म्हणजे जवळपास दहा टक्के. धातू नसलेल्या सेंद्रिय रेणूंमध्ये हेच प्रमाण एका टक्क्याहूनही कमी होतं. धातू म्हणजे विष, त्यांना हातही लावू नये, असा जो सरसकट आक्षेप घेतला जातो त्याला हे आकडे उत्तर देतात. दुसरं उत्तर कर्करोगाच्या वॉर्डात रोज दिलं जातं. १९६५ साली बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवरचा परिणाम पाहत होते. जिवाणूंचे लांबलचक धागे झाले, विभाजन थांबलं. कारण वीज नव्हती, प्लॅटिनमच्या कांडीतून सुटलेली संयुगं होती. त्यातून आलेलं सिसप्लॅटिन १९७८ पासून कर्करोगावर वापरलं जातं. विष आणि औषध यांच्यातला फरक धातूच्या नावात नसतो. धातू कोणत्या रेणूत बांधला आहे, किती मात्रेत आणि कुठे पोचतो, यावर तो ठरतो.

बिस्मथची चाल तर थेट एनडीएमच्या गाभ्यावर आहे. जठराच्या व्रणावर दिलं जाणारं बिस्मथ माणसाला बऱ्यापैकी सोसतं, हे अनेक दशकांच्या वापराने ठाऊक आहे. हाँगकाँग विद्यापीठातल्या होंगझे सुन यांच्या गटाने २०१८ साली दाखवलं की बिस्मथ एनडीएम-१ मधलं जस्त हुसकावून स्वतः तिथे बसतं. हत्यार बोथट होतं आणि निकामी ठरलेलं कार्बापेनेम पुन्हा काम करू लागतं. गॅलियमची युक्ती वेगळी: ते लोहासारखं दिसतं, भुकेला जंतू त्याला लोह समजून गिळतो आणि त्याचं आतलं यंत्र अडकतं. ऑरानोफिन जिवाणूचं एक संरक्षक विकर बंद पाडतं, असं २०१५ साली दिसून आलं. मात्र ज्या जिवाणूंना बाहेरून आणखी एक पडदा असतो त्यांच्या आत त्याला नीट शिरता येत नाही, आणि आपल्या रुग्णालयांत सर्वांत जास्त छळणारे जंतू नेमके त्याच जातीचे आहेत. पुण्यातही याच दिशेने काम झालं. आघारकर संशोधन संस्थेतल्या किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी ७ ते २० नॅनोमीटर आकाराच्या चांदीच्या कणांचं मलम तयार करून २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भाजलेल्या जखमांवर १९६८ पासून वापरात असलेल्या सिल्व्हर सल्फाडायझिनच्या तोडीचं काम हे मलम तिसाव्या हिश्शाइतक्या चांदीत करत होतं, तेही अनेक औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर.

यावर मराठी घरातून येणारा प्रश्न साहजिक आहे. आपण तांब्याच्या घागरीत पाणी भरत होतो, बाळाच्या गुटीत सोनं उगाळत होतो, चांदीच्या वाटीतून खाऊ भरवत होतो. मग धातूंचं हे ज्ञान आपल्याकडे होतंच ना? यातलं तांब्याचं अंग खरं आहे. बंगळूरुच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात. त्या सवयीबद्दल अभिमान जरूर बाळगावा. पण घागरीतल्या पाण्यात फक्त जंतू असतो, रुग्णाच्या रक्तात जंतूसोबत रुग्णही असतो. कॉख यांच्या नळीतलं सोनं आणि मोलगार्ड यांच्या रुग्णातलं सोनं यांच्यात जे अंतर होतं तेच घागर आणि रक्तवाहिनी यांच्यात आहे. भस्मं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली म्हणून ती निर्धोक, हा युक्तिवाद तर पाऱ्याने पूर्वीच खोटा ठरवला आहे. तोही पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. परंपरेतल्या औषधाचा मान राखायचा तर त्याला अँबर्सन यांच्या नाण्यासमोर उभं करावं. त्यातून जे तरेल ते साऱ्या जगाचं होईल.

दुसरा दावा प्रयोगशाळांकडूनच केला जातो आणि तो जास्त घातक आहे. प्रतिजैविक जंतूला एकाच ठिकाणी गाठतं, धातू एकाच वेळी दहा ठिकाणी, म्हणून धातूला जंतू सरावू शकत नाहीत, असं म्हटलं जातं. सरावणं अवघड होतं हे खरं, अशक्य होत नाही. काळा आजार जिवाणूंमुळे होत नाही, पण त्यावरचं अँटिमनीचं औषध आपल्या देशातच घडलं. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचं युरिया स्टिबामाइन विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातलं. शतक संपेपर्यंत अँटिमनीची औषधं उत्तर बिहारमध्ये निम्म्याहून जास्त रुग्णांवर चालेनाशी झाली होती. जिवाणूंचा पुरावा तर आणखी स्पष्ट आहे. १९७५ साली बोस्टनच्या रुग्णालयातल्या भाजलेल्यांच्या विभागात साल्मोनेलाचा एक प्रकार सापडला. तो जखमेवर लावलेल्या सिल्व्हर नायट्रेटला, पाऱ्याच्या क्षाराला आणि अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन या सगळ्यांनाच दाद देत नव्हता. तीन रुग्ण दगावले. एकोणीस वर्षांनी, १९९४ साली, पुणे विद्यापीठातल्या ललितागौरी देशपांडे आणि बाळू चोपडे यांनी असिनेटोबॅक्टर बाउमानी या जिवाणूचा एक नमुना जगापुढे ठेवला. तो रुग्णालयातून नव्हे, बाहेरच्या पर्यावरणातून मिळाला होता. त्याने १३ धातूंना आणि १० प्रतिजैविकांना तोंड दिलं. चांदीला न जुमानण्याचं कसब एका प्लास्मिडवर होतं, म्हणजे जिवाणू एकमेकांना देऊ शकतात अशा गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वेढ्यावर. संशोधकांनी तो वेढा दुसऱ्या जातीच्या जिवाणूत उतरलेला पाहिला. त्या नव्या धन्याने शोषलेली बरीचशी चांदी बाहेर फेकून दिली.

धातूंना परत बोलावताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे. प्रतिजैविक काळाच्या ओघात मोडतं, विरतं. धातू विरत नाही. नदीच्या गाळात बसलेलं जस्त, निकल, तांबं तिथेच राहतं. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात प्लेटिंगची असंख्य छोटी-मोठी दुकानं लोखंडावर जस्त, निकल, क्रोम चढवतात. पवना, मुळा आणि मुठा या नद्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आहेत. आणि शहराच्या सांडपाण्यासोबत औषधांचे अंश आणि रुग्णालयातले जिवाणूही नदीतच येतात. जिथे धातूचा दाब सतत असतो तिथे धातूला तोंड देणारा जिवाणू तगतो. त्याच्या त्याच वेढ्यावर प्रतिजैविकाला तोंड देणारं जनुक बसलेलं असेल तर तेही आपोआप वाढतं, भले तिथे प्रतिजैविकाचा एक थेंबही नसो. त्यात आता मोज्यांत, कपडे धुण्याच्या यंत्रांत, फ्रिजमध्ये, पाण्याच्या गाळण्यांत चांदी मिसळून विकली जाते. भाजलेल्या मुलाच्या जखमेसाठी राखून ठेवायला हवं असं औषध आपण घामाचा वास घालवायला खर्च करतो आहोत. चांदीचा औषध म्हणून वापर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय होऊ नये आणि वस्तूंमधला तिचा वापर थांबावा, असं मला निःसंकोच वाटतं. पेनिसिलिनच्या बाबतीत फ्लेमिंग यांचा इशारा ऐकायला उशीर झाला. चांदीच्या बाबतीत इशारा बोस्टनहून आला, आणि तो पुण्यात तपासलेल्या एका जिवाणूने पुन्हा दिला.

हे बोलून दाखवलं की उत्तर येतं, मग रुग्णांनी वाट किती पाहायची? २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा अंदाज १२ लाख ७० हजार आहे. ही घाई मला पूर्ण मान्य आहे, आणि बिस्मथसारख्या, माणसाला सोसतं हे आधीच ठाऊक असलेल्या धातूपासून सुरुवात करणं हा तिच्यावरचा समंजस मार्गही आहे. पण घाई म्हणून कसोटी वगळता येत नाही. सोनं पुन्हा क्षयाच्या रुग्णांपर्यंत पोचलं तेव्हा हेच दिसलं. दक्षिण आफ्रिकेत क्षयाच्या नेहमीच्या औषधांच्या जोडीला ऑरानोफिनची गोळी देऊन पाहण्यात आली आणि २०२१ साली निष्कर्ष आले. कुणाला काय द्यायचं हे या वेळीही नशिबावर सोडलं होतं. सोन्याच्या गटातल्या रुग्णांच्या फुफ्फुसांना अपेक्षित लाभ झाला नाही, एका रुग्णाच्या रक्तातल्या प्लेटलेट जीवघेण्या खाली गेल्या. त्याच प्रयोगात, त्याच पद्धतीने तपासलेल्या दुसऱ्या दोन औषधांनी, ज्यांत धातूचा अंशही नव्हता, रुग्णांचा श्वास सुधारला.